घरातून जाणारा दोर

थोरली सकाळी दोर वळायच्या वाखाचा, म्हणजे घायपातीच्या धाग्यांचा, पेंडका कमरेला बांधत मागच्या दारी आली, तर पट्टीच्या मधोमध दगड. वाटेत कुणी टाकून दिलेले नव्हेत. सुतात, ओळीने लावलेले, घराच्या पायाला लावतात तसे. तिचा हात पेंडक्याच्या गाठीवरच राहिला.

"अहो," तिने हाक मारली, "जरा बाहेर या."

नवरा, गावचा दोरवाला, चाकाच्या आसाला तेल देत होता. तसाच तेलकट हातांनी बाहेर आला, दगड पाहिले आणि चालत तिथवर गेला. पहिला दगड उचलून त्याने बाजूला फेकला. दुसरा उचलायला वाकला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "दादा, हात लावायचं काम नाही."

गवंडी उभा होता, हातात थापी, सदऱ्यावर सिमेंटचे डाग. दोरवाल्याचा चुलतभाऊ, नात्याने थोरलीचा धाकटा दीर. सगळ्या गावाची घरं त्याने बांधली होती. त्याचं स्वतःचं मात्र मागच्या पुरात ओढ्याने नेलं. तेव्हापासून तो, त्याची बायको आणि लेक कुणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याखाली राहत होते.

"इथे काय करतोयस तू?" दोरवाला म्हणाला.

"घर बांधतोय. माझ्या हिश्शात."

"पट्टीत घर?"

"मग कुठे बांधू? ओढ्याच्या काठी? एकदा गेलं तेवढं पुरे नाही का झालं?"

पट्टी म्हणजे दोरवाल्याच्या मागच्या दारापासून ओढ्यापर्यंत गेलेली एक सरळ, चिंचोळी जमीन. रुंदी जेमतेम एका खोलीची. दोन्ही अंगांना दुसऱ्यांची शेतं, तिथे पाऊल टाकायची सोय नाही. आज्यापासून या पट्टीत दोर वळला जात होता. एका टोकाला चाक. चाकाच्या आकड्यात वाखाचा झुपका अडकवायचा, चाक फिरवणाऱ्याने फिरवत राहायचं आणि वळणाऱ्याने कमरेच्या पेंडक्यातून वाख सोडत सोडत उलटं चालत जायचं, ओढ्यापर्यंत. असे तीन पेड झाले की ते एकत्र पिळायचे. पिळताना लांबी आटते. म्हणून जेवढा दोर हवा त्याहून किती तरी जास्त जमीन लागते. थोरली लग्न होऊन आली त्या वर्षापासून उलटी चालत आली होती. तिच्या टाचांनी ती जमीन फरशीसारखी करून टाकली होती.

आणि हेही खरं की अर्धी पट्टी गवंड्याची होती. आज्याच्या माघारी वाटणी कुणी केलीच नव्हती. गवंड्याच्या बापाने दोराचा धंदा सोडून थापी धरली, तेव्हा दोघा भावांत एवढंच बोलणं झालं होतं, की दोर वळतोय तोवर पट्टी मोकळी. बोलणारे दोघंही गेले.

त्या सकाळी शब्दाने शब्द वाढला. दोरवाल्याने दगड उपसले, गवंड्याने पुन्हा लावले, लोक जमले. शेवटी दोरवाला तालुक्याला जाऊन वकील गाठून आला. कोर्टाने हुकूम दिला: जैसे थे. म्हणजे गवंड्याने पुढे एक दगड लावायचा नाही आणि दोरवाल्याने लावलेला एकही हलवायचा नाही. गुडघाभर उंचीची ती भिंत तशीच राहिली. तिच्यावर घर होईना आणि तिच्यामुळे दोर होईना. भिंतीच्या फटींतून गवत उगवलं, वाळलं, पुन्हा उगवलं. तारखा पडत राहिल्या.

धाकटी, म्हणजे गवंड्याची बायको, नळावर भेटायची. पूर्वी दोघी जावा एकमेकींच्या घागरी उचलून द्यायच्या. आता थोरली रांगेत आली की धाकटी घागर बाजूला ओढून तोंड फिरवायची. थोरलीही काही कमी नव्हती. "काही लोकांना दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन घर बांधायचं असतं," असं ती एकदा नळाला ऐकवून आली होती. धाकटीनेही नळाकडेच बघत उत्तर दिलं, "काही लोकांना दुसरे पत्र्याखाली भाजून मेले तरी चालतात." नळावरच्या बाकीच्या बायका दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. पाणी वाहून गेलं.

उरलेल्या अर्ध्या पट्टीत आखूड दोर होत होते, गुरांच्या गळ्यापुरते, बादलीपुरते. पण गुरांना आता बाजारातला प्लॅस्टिकचा कासरा लोक घेत. दोरवाल्याचं नाव होतं ते लांब दोरासाठी. नदीवरचा नावाडी दर वर्षी त्याच्याकडूनच दोर न्यायचा, या काठापासून त्या काठापर्यंत ताणायचा. त्याला धरून तो नाव ओढत असे. यंदा तो आला तेव्हा थोरलीने विचारलं, "दोन दोर सांधून दिले तर?"

नावाडी हसला नाही. "वहिनी, सांधा असलेला दोर मी पाण्यावर टाकणार नाही. नावेत माणसं असतात."

"देतो," दोरवाला आतून म्हणाला. "सलग देतो. तू जा."

"कुठे वळणार?" नावाडी गेल्यावर तिने विचारलं.

"रस्त्यावर."

गावाबाहेरून जाणारा डांबरी रस्ता सरळ होता खरा. दिवस उजाडता उजाडता दोघं चाक हातगाडीवर घालून तिथे जायची, वर्दळ सुरू व्हायच्या आत एक पेड उरकायची. डांबरावर उलटं चालणं म्हणजे जिवावरचं काम. पट्टीत तिला डोळे मिटूनही चालता यायचं. इथे मागून काय येतंय ते दिसत नाही आणि नजर तर समोरच्या वाखावरच ठेवायची. कुणी सायकलवाला घंटी वाजवत जायचा, म्हणायचा, "मामी, पुढे बघून चाला की!" दूधवाला उतरून सायकल पेडावरून उचलून न्यायचा, मनातल्या मनात शिव्या देत. दोरवाला मान खाली घालून चाक फिरवत राहायचा. आयुष्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. त्याला रोज सकाळी वाटसरूंची माफी मागायची पाळी आली.

दोन पेड नीट झाले. तिसऱ्याच्या वेळी बाजूच्या शेतवाटेने ट्रॅक्टर आडवा आला. थोरलीने आवाज ऐकला, ती ओरडली, पेड डांबराला टेकवला. ट्रॅक्टर वरून निघाला, पण मागच्या ट्रॉलीची खाली लोंबणारी खुंटी पेडात अडकली. पेड ताणला गेला आणि चाक हातगाडीसकट उडालं. दोरवाल्याचा उजवा हात चाकाच्या मुठीवर होता. मूठ उलटी फिरली.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून आधी आपली ट्रॉली तपासायला गेला. "रस्ता काय बापाचा आहे का तुमच्या?" तो ओरडला. मग त्याची नजर दोरवाल्याच्या मनगटाकडे गेली. हात भलतीकडेच वळला होता. दोरवाला रस्त्याच्या कडेला बसून त्याच्याकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे.

प्लॅस्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, हाड बसेल, पण पकड पूर्वीसारखी येईल याची खात्री नाही. नावाड्याला निरोप गेला. त्याचा उलटा निरोप आला, की नदीवर या वर्षी तो तारेचा दोर टाकतोय, वाईट वाटून घेऊ नका.

घरात सामसूम झाली. मुलगा दूर कुठेतरी ट्रक चालवायचा. फोन करायचा, "आई, विकून टाका ना ते सगळं," म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. भिजत घातलेली घायपात कुजून तिचा वास घरात भरला. थोरली एकटीच पानं ठेचायची, खरवडायची. रसाने कोपरापर्यंत हात लाल व्हायचे, खाजवून खाजवून कातडी निघायची. दोरवाला दारात बसून चाकाकडे बघायचा. ती जेवायला वाढायची, तो डाव्या हाताने चिवडायचा आणि ताट सरकवायचा. एकदा तिने घास भरवायला हात पुढे केला, तर त्याने तो असा झटकला की अन्न भिंतीवर उडालं. तिने भिंत पुसली. पुसता पुसता तिला रडू आलं, पण त्याच्यासमोर रडायचं नाही म्हणून तिने घागर उचलली आणि ती नळावर गेली.

तिथे धाकटी होती. या वेळी तिने तोंड फिरवलं नाही. थोरलीचे हात बघत ती म्हणाली, "दादांचा हात कसा आहे?"

"आहे," थोरली म्हणाली आणि घागर नळाखाली लावली.

वकिलानेच शेवटी सांगितलं, की कोर्टाच्या आवारात मध्यस्थीची खोली आहे, तिथे बसून बोलून मिटवा. नाहीतर ही केस तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल. दोरवाला म्हणाला, "मी त्याच्या तोंडासमोर बसणार नाही." थोरलीने त्याच्या अंगात स्वच्छ सदरा घातला, प्लॅस्टरवरून बाही चढेना तेव्हा बाही उसवली. "बसू नका," ती म्हणाली. "उभे राहा. पण चला."

खोली बहुधा आधी अडगळीची असावी. एक गोल टेबल, खुर्च्या, पाण्याचा जग आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. मध्यस्थ बाई मध्यम वयाच्या होत्या आणि त्यांना भयंकर सर्दी झाली होती. "इथे कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही," नाक पुसत त्या म्हणाल्या. "मी न्यायाधीश नाही. तुम्ही एकमेकांशी बोलायचं, मी ऐकायचं."

पंखा कुरकुरला.

"बरं," बाई म्हणाल्या, "मीच सुरुवात करते. जमीन दोघांची अर्धी अर्धी. अर्धीत दोर, अर्धीत घर. का नाही चालणार?"

"आत्ता तेच तर चाललंय," थोरली म्हणाली. "अर्ध्या जमिनीत अर्धा दोर होतो. तो कुणी घेत नाही."

"आणि घर ओढ्याकडच्या टोकाला बांधलं तर?"

"तिथलंच गेलं ना वाहून!" गवंडी एकदम म्हणाला. "मधला तेवढाच उंचवटा आहे. मला काय हौस आहे का भावाच्या वाटेत बसायची?"

"हौसच आहे," दोरवाला भिंतीकडे बघत म्हणाला. तो खरंच उभा होता.

"दादा, लेकीला दिवस गेलेत. जावई परमुलखात कामाला. सहावा महिना लागलाय तिला. पत्र्याखाली भर उन्हात बाळंतपण करू तिचं? तू सांग. करू?"

"माझा हात बघ," दोरवाला म्हणाला. "हा हात रस्त्यावर मोडला. रस्त्यावर का गेलो होतो मी?"

"मी सांगितलं होतं का रस्त्यावर जा म्हणून?"

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. त्यांना शिंक आली. "बाजूने वाट ठेवून घर थोडं अरुंद..."

"अरुंद म्हणजे किती?" धाकटी उसळली. इतका वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "मुळात एक खोली! त्यात चूल, त्यात अंथरूण, त्यात बाळंतीण. आणखी अरुंद करून काय उभ्याने झोपायचं? का असं करता जाऊबाई, आमच्या घरातूनच न्या तुमचा दोर! पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर!"

ती हे तोडायला बोलली होती. पण गवंड्याची मान वर झाली. त्याने टेबलावर बोटाने एक चौकोन काढला आणि त्याच्या आरपार एक रेघ ओढली. मग थोरलीकडे पाहिलं.

"समोरासमोर दोन दारं काढली तर..." तो हळूच म्हणाला.

"मी चिडून बोलले हो!" धाकटी म्हणाली.

"कळलं. पण होईल."

थोरलीची नजर त्या रेघेवर राहिली. आशा म्हणावी तर तोंड कडू पडलं होतं. दुसरीच्या चुलीसमोरून, दुसरीच्या अंथरुणाशेजारून रोज उलटं चालत जायचं. बाई आता भराभर लिहून घेत होत्या: दिवसाउजेडी दोर नेता येईल, दारं अडवायची नाहीत, केस मागे घ्यायची. मग गवंड्याने घसा खाकरला.

"एक अट आहे. हे दादाच्या आणि वहिनींच्या हयातीपुरतं. त्यांच्यानंतर माझं घर हे माझं घर. उद्या कुणी पट्टी विकत घेईल आणि माझ्या नातवाच्या उशाशी दोर ओढत बसेल, ते चालायचं नाही."

दोरवाल्याने पहिल्यांदा भावाकडे पाहिलं. "म्हणजे आमच्याबरोबर दोर संपला."

"तुझा पोरगा वळणार आहे का दोर?"

दोरवाला वळला आणि खोलीबाहेर गेला. दार बंद व्हायचा आवाज झाला नाही. त्याला डाव्या हाताने ते नीट लावताच आलं नाही.

"पुढच्या आठवड्यात या," बाई थोरलीला म्हणाल्या. "सह्या त्यांच्या लागतील. मी जबरदस्ती करू शकत नाही."

घरी पोहोचल्यावर थोरली सांडलेला वाख गोळा करत होती, तेवढ्यात मागच्या दारी ठोका ऐकू आला. पुन्हा एक. ती धावली. दोरवाल्याने डाव्या हातात कुऱ्हाड घेतली होती आणि तो चाकाच्या खांबावर घाव घालत होता. घाव बसत नव्हते. पातं घसरायचं, लाकडाची नुसती साल निघायची. तिसऱ्या घावाला कुऱ्हाड हातातून निसटून त्याच्याच पायाशी पडली. तो कुऱ्हाडीकडे बघत उभा राहिला, धापा टाकत.

"एवढंसुद्धा जमत नाही," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. त्याचा चेहरा विस्कटला. म्हातारं माणूस रडतं तसं तो रडू लागला, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

थोरली शेजारी बसली. तिने कुऱ्हाड ओढून आपल्या मागे ठेवली. मग म्हणाली, "घरात दाणा नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला मान आहे, म्हणून तुम्ही खोलीबाहेर गेलात. मी कुठे जाऊ?"

"त्याच्या घरातून जाणार तू? त्याच्या बायकोची भांडी ओलांडत?"

"मी जाणार. तुम्हाला तर चाकापाशीच बसायचंय. लाज वाटायची ती मला वाटेल."

"आणि आपल्यानंतर?"

"आपल्यानंतर," थोरली म्हणाली, "आपल्यानंतर कोण आहे हो? उगीच कुणासाठी राखून ठेवताय?"

पुढच्या आठवड्यात त्याने कागद केले. आयुष्यभर लफ्फेदार सही करणारा माणूस. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्याने पेन धरता येईना. शेवटी कारकुनाने शाईचा डबा पुढे सरकवला. दोरवाल्याने डावा अंगठा बुडवून कागदावर टेकवला आणि मग तो अंगठा सदऱ्याला पुसत राहिला, घरी पोहोचेपर्यंत.

गवंड्याने बांधकामाला घाई केली. दिवसभर दुसऱ्यांची कामं करून संध्याकाळी उजेड असेतो तो आपल्या भिंती चढवायचा, धाकटी पाणी मारायची, लेक पोट सावरत विटा जवळ सरकवून द्यायची. एका दुपारी तो थोरलीच्या दारात आला. आत आला नाही.

"वहिनी, जरा पट्टीत येता का? तुम्ही कशा चालता ते बघायचंय."

ती गेली. पेंडका नसताना, वाख नसताना ती त्याच्यासमोर उलटी चालली, दोन्ही हात पुढे, कोपरं बाहेर. तो खडूने जमिनीवर खुणा करत मागे मागे आला. लोक रस्त्यावरून बघत होते. कुणीतरी शिट्टी मारली. थोरलीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"कोपरं एवढी बाहेर येतात नेहमी?"

"थकले की जास्त येतात."

त्याने आधीची खूण पुसली आणि दार आणखी रुंद आखलं. "उंबरा ठेवत नाही," तो खाली बघतच म्हणाला. "टाच अडकायची तुमची."

"भावजी, उंबऱ्याशिवाय पाणी आत येईल."

"येऊ दे. उतार काढतो."

वर पत्रा पडला आणि ती माणसं राहायला आली. भिंतींना गिलावा अजून नव्हता. दोरवाल्याचं प्लॅस्टर निघालं होतं, पण उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. तो डाव्या हाताने चाक फिरवायला शिकत होता. नदीच्या खालच्या अंगाच्या कोळ्यांनी जाळ्याच्या कडेला लावायला सलग दोर मागितला होता. कितीतरी दिवसांनी आलेलं हे पहिलं काम. पहिला पेड धरून थोरली उलटी निघाली.

पाठीला आधी सावली लागली, मग पत्र्याची धग. ती घरात शिरली होती. डाव्या हाताला चूल, धाकटी तिच्यापुढे पाठ करून बसलेली. उजव्या हाताला अंथरुणावर लेक. वाखाचा भुसा उडत होता, चुलीवरच्या भांड्यात पडत होता. धाकटीने भांड्यावर झाकण ठेवलं, जरा जोरातच. थोरली वाख सोडत चालत राहिली. मागच्या दाराने ती बाहेर पडली आणि उन्हात आल्यावर तिने श्वास सोडला.

तिसरा पेड निम्म्यावर आला होता, ती मागच्या दारातून नुकती बाहेर पडली होती, तोच आतून ओरडणं ऐकू आलं. पेडाला तिच्या हातांत हिसका बसला. तिने आत पाहिलं. लेक अंथरुणावर अर्धी उठली होती, चेहरा पांढराफटक. आणि कळ आली तशी हाताला लागेल ते धरावं म्हणून तिने डोक्यावरून गेलेला पेडच दोन्ही मुठींनी धरला होता. पेड फिरत होता. तिकडे चाकापाशी दोरवाला फिरवतच होता.

"सोड!" थोरली ओरडली. "हात सोलतील गं, सोड!"

पोर सोडेना. तिला ऐकू तरी येत होतं की नाही कोण जाणे.

"अहो, चाक थांबवा!" तिची हाक भिंतींत अडकली, पलीकडे पोहोचली नाही. मग थोरलीने हातातलं टोकच सोडून दिलं. ताण गेला तसा पेड सळसळत मागे धावला, स्वतःभोवती गुंतत, गाठी घेत जमिनीवर पडला. त्या पेडावरचं सगळं काम एका क्षणात मातीत गेलं. ती आत धावली, पोरीच्या मुठी उघडल्या. तळवे लालभडक, कातडी गेलेली.

"महिना बाकी होता," धाकटी म्हणाली. "जाऊबाई, महिना बाकी होता हो."

"सुईणीला बोलाव. जा, मी बसते हिच्यापाशी."

धाकटी पळाली. तेवढ्यात पुढच्या दारात दोरवाला उभा राहिला, रागाने काळानिळा. "टोक का सोडलंस? सगळा पेड..." त्याने आत पाहिलं आणि झटकन पाठ फिरवली.

"दारं लावायला हवीत," थोरली म्हणाली. गुंतलेला पेड दोन्ही दारांतून आडवा पडला होता, उघड्या आकड्यांसारखे त्याचे पीळ सगळीकडे अडकलेले. तिला एकटीला तो ओढून काढता येईना. पोर तिच्या गळ्यात पडून कण्हत होती. दोरवाल्याने पाठमोऱ्यानेच वाकून कमरेचा कोयता काढला. डाव्या हाताने त्याने दाराशी पेड कापला. घराला वळसा घालायला जागाच नव्हती, म्हणून शेजाऱ्याच्या शेतातून, शिव्यांची पर्वा न करता, पलीकडे गेला आणि तिथेही कापला.

"लाव दार," बाहेरून त्याचा आवाज आला.

सुईण आली. गवंडी कामावरून धावत आला आणि बाहेरच थांबला. दुपार तशीच तापत राहिली. पत्रा तडतडत होता, आत तिघी बायका घामाने निथळत होत्या. एका क्षणी सुईणीचा चेहरा बदलला आणि ती थोरलीला म्हणाली, "धर हिला, घट्ट धर." थोरलीने धरलं. लेकीची हनुवटी तिच्या खांद्यात रुतली. मूल आलं ते निळसर, निपचित. सुईणीने त्याला उलटं केलं, पाठ चोळली, तोंडात बोट घातलं. धाकटीने भिंतीवर कपाळ टेकलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एक बारीक, कुरकुरीत आवाज निघाला, थांबला, पुन्हा निघाला.

थोरली बाहेर आली तेव्हा दोघं भाऊ घराच्या सावलीत बसले होते, एकमेकांपासून हातभर अंतरावर. दोरवाल्याने कापलेला पेड मांडीवर घेतला होता. डाव्या हाताने आणि दातांनी तो त्याचा पीळ सोडवत होता, वाख मोकळा करून बाजूला ठेवत होता. गवंडी दुसऱ्या टोकाला धरून होता, नुसताच. कसं सोडवायचं ते त्याला येत नव्हतं.

"मुलगी आहे," थोरली म्हणाली. "लहान आहे फार. पण रडली."

गवंड्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दोरवाल्याने मान हलवली. मग तो म्हणाला, "आता महिनाभर घरातून दोर न्यायचा नाही."

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. वीतभर जागेसाठी कोर्टात गेलेला हा माणूस. आता एका दमात महिना देऊन बसला होता, आणि घरात होतं काय? कोळी आठवडाभर थांबतील, मग तेही जातील. तिला संतापाने बोलायचं होतं. पण तिच्या हातांना अजून त्या पोरीच्या घामाचा ओलावा होता. ती तशीच भिंतीला टेकली.

दार थोडं उघडलं. धाकटी होती, केस सुटलेले. तिने सगळं ऐकलं असावं.

"महिनाभर खाणार काय तुम्ही?" ती म्हणाली.

तिने मागे वळून अंथरुणाकडे पाहिलं.

"दुपारी दोघी झोपतील. तेव्हा न्या," धाकटी म्हणाली. "दारात आलात की हाक नका मारू, जाऊबाई. मी जागी असेन. अंथरूण भिंतीकडे ओढून घेईन."

दोरवाल्याने मांडीवरचा पेड खाली ठेवला. मग तो वाकला आणि मोकळा केलेला वाख डाव्या हाताने झटकत, त्यातली माती काढत राहिला. गवंडी उठला, त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "दाखव, कसं सोडवायचं ते."